नाव, गाव, मुक्कामाचे कारण

शहराची थोरवी मोजण्याच्या अनेक रीती प्रचलित आहेत. कोणी गगनचुंबी इमारती मोजतो, कोणी नाट्यगृहे आणि ग्रंथालये मोजतो, कोणी दरडोई उत्पन्नाचे आकडे पुढे करतो. प्रस्तुत लेखकाला या सर्वांहून साधी आणि बहुधा अधिक प्रामाणिक वाटणारी एक कसोटी आहे. ज्याचे शहरात कोणीही नाही आणि ज्याच्या खिशात फारसे पैसे नाहीत, अशा माणसाला रात्री दहा वाजता आतून कडी लावता येईल अशी खोली मिळते का? आणि ती मिळताना त्याला स्वतःविषयी काय काय सांगावे लागते? मुंबईला ही कसोटी लावून पाहिली की जे दिसते त्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. म्हणून हा प्रपंच.

मुंबईच्या वस्तीविषयी मराठी लेखकांनी कमी लिहिले आहे असे मुळीच नाही. चाळीला पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८) मिळाली. झोपडपट्टीला जयवंत दळवींची 'चक्र' आणि मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' या कादंबऱ्या मिळाल्या. नाक्याला भाऊ पाध्ये मिळाले. लॉजला मात्र आपल्याकडे तसा लेखक मिळाला नाही. कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत लॉज येतो तो बहुतेक वेळा गुन्ह्याचे स्थळ म्हणून किंवा चोरट्या भेटीची जागा म्हणून. हा शब्दच आपण किंचित आवाज खाली आणून उच्चारतो. 'गेस्ट हाऊस' म्हटले की चालते, 'हॉटेल' म्हटले की प्रतिष्ठा येते. 'लॉजवर उतरलो होतो' म्हटले की ऐकणारा एक क्षण थांबून पाहतो. वर्तमानपत्रांत तर लॉज हा शब्द 'छापा' या शब्दाशिवाय क्वचितच दिसतो. एका साध्या, उपयुक्त आणि कष्टाळू संस्थेच्या वाट्याला आलेली ही अपकीर्ती तपासून पाहण्याजोगी आहे.

आधी संस्थेचे स्वरूप पाहू. मसजिद बंदर, डोंगरी, ग्रँट रोड, फोर्टच्या मागच्या गल्ल्या, दादर स्थानकाचा परिसर, अशा ठिकाणी जिना चढून वर गेले की एका मजल्यावर हा संसार थाटलेला असतो. एके काळी ज्या जागेत एखादे बिऱ्हाड किंवा पेढी असेल, तिचे प्लायवूडच्या भिंतींनी आठ-दहा तुकडे केलेले असतात. कित्येकदा या भिंती छतापर्यंत पोहोचतच नाहीत. वरून हवा खेळावी, एका दिव्याचा उजेड दोघांना पुरावा, आणि शेजाऱ्याचा खोकला सर्वांना ऐकू यावा, अशी ती व्यवस्था असते. भिंतीवर सूचना असतात: गरम पाणी सकाळी इतके ते इतके, मौल्यवान वस्तू स्वतःच्या जबाबदारीवर ठेवाव्यात, बाहेरील व्यक्तीस खोलीत आणू नये. गल्ल्यावर मॅनेजर, त्याच्या मागे देवाची तसबीर आणि पुढ्यात ती जाडजूड वही.

ही खोली कशी असावी हे मालकाइतकेच हवामानही ठरवते. मुंबई १९ अक्षांशावर, समुद्राच्या कुशीत आहे. येथे एकट्या जुलैत सरासरी आठशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पाऊस नसतो तेव्हा घाम असतो. थंड प्रदेशातल्या स्वस्त खोलीत माणूस ऊब विकत घेतो; येथे तो वारा विकत घेतो. खिडकी आहे की नाही, पंखा कितीवर फिरतो, चादर दमट आहे की वाळलेली, गादीला ओलीचा वास येतो का, या चार प्रश्नांत तीनशे-चारशे रुपयांचा फरक असतो. खिडकी नसलेली खोली स्वस्त, खिडकी रस्त्याकडे उघडणारी असेल तर महाग. मग त्या खिडकीतून रात्रभर हातगाड्यांचा आणि टेम्पोंचा आवाज येत राहिला तरी बेहत्तर. ज्याला खोलीही परवडत नाही त्याला डॉर्मिटरीतली कॉट मिळते, आणि कॉटवर झोपणारा माणूस पंख्याखालची जागा मिळावी म्हणून संध्याकाळी लवकर परततो. उष्ण कटिबंधातल्या गजबजलेल्या शहरात रात्रीची झोप ही अशी इंचाइंचाने विकली जाते.

आणि ती विकत घेतो कोण? परीक्षेला किंवा मुलाखतीला आलेला तरुण, मंत्रालयात अडकलेल्या फायलीमागे आलेला तालुक्याचा माणूस, उच्च न्यायालयात तारीख असलेला शेतकरी, मालाची खरेदी करायला आलेला छोटा दुकानदार, आखाताचे विमान पकडायला दोन दिवस आधी आलेला कारागीर, परळच्या रुग्णालयात आलेल्या रुग्णाचा भाऊ. या यादीत गुन्हेगार असतोच. तो पंचतारांकित हॉटेलांतही असतो. पण या यादीकडे नीट पाहिले तर लक्षात येते की राज्याचा कारभार, बाजार, न्याय आणि औषधोपचार यांचे सारे केंद्रीकरण ज्या शहरात झाले आहे, त्या शहराशी उरलेल्या महाराष्ट्राचा व्यवहार या खोल्यांच्या आधारावर चालतो. लॉज नसता तर मंत्रालय फक्त मुंबईकरांचे राहिले असते.

लॉज येण्यापूर्वी परगावचा माणूस मुंबईत उतरत नव्हता असे नाही. पण तो उतरत असे तो 'आपल्या' माणसांत. सी. पी. टँकच्या बाजूला निरनिराळ्या समाजांच्या धर्मशाळा होत्या, क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना होता. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गोवेकरांचे 'कूड' होते. गोव्यातल्या एकेका गावाचा एकेक कूड. जहाजावर नोकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मध्ये तेथे येऊन राही, आपली पेटी तेथे ठेवी आणि संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला उभा राही. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरल्या गावांच्या सामायिक खोल्या होत्या. पाळ्यांप्रमाणे माणसे तेथे आळीपाळीने झोपत आणि जवळच्या खानावळीत जेवत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांचे संघटन प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने उभे केले. या सर्व व्यवस्थांबद्दल कृतज्ञताच वाटायला हवी. त्यांनी लक्षावधी माणसांना शहरात पाय टेकायला जागा दिली.

परंतु या सर्व व्यवस्थांचा पहिला प्रश्न एकच होता: तू कोणाचा? कोणत्या गावचा, कोणत्या ज्ञातीचा, कोणत्या धर्माचा, कोणाच्या ओळखीने आलास? उत्तर बरोबर असेल तर आश्रय फुकट किंवा जवळपास फुकट. उत्तर चुकले तर दार बंद. लॉजच्या मॅनेजरचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो: 'किती दिवस?' आणि दुसरा: 'ॲडव्हान्स?' हे दोन प्रश्न रुक्ष आहेत, त्यांत आपुलकीचा लवलेश नाही. तरीही माझ्या मते आपल्या समाजाच्या इतिहासात त्यांना मोठे स्थान आहे. ज्याला सांगण्यासारखे गोत्र नाही किंवा जे सांगितले तर दार बंद होईल असे गोत्र आहे, त्याच्यासाठी पैशाची ही निर्विकार भाषा मुक्तीची भाषा ठरू शकते. आपुलकीने विचारलेल्या 'आडनाव काय?' पेक्षा तिऱ्हाईतपणे विचारलेले 'किती दिवस?' कितीतरी सभ्य असते.

ठरू शकते, असे म्हटले. ठरतेच असे नाही. कारण गल्ल्यावर ती वही असते. नाव, गाव, वय, कोठून आले, कोठे जाणार, मुक्कामाचे कारण, सोबतच्या व्यक्तीशी नाते, सही. 'किती दिवस?' या प्रश्नाने जे दार उघडते ते ही वही पुन्हा लोटून घेऊ शकते.

या वहीचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. अमेरिका आणि इंग्लंडमधील शिक्षणानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले. राहण्यासाठी जागा मिळेना. हिंदू हॉटेलात अस्पृश्याला प्रवेश नव्हता आणि परिचितांच्या घरी जाऊन त्यांना अडचणीत टाकण्याची त्यांची तयारी नव्हती. एका पारशी विश्रामगृहाचे नाव कळले; पण ते पारशांसाठीच होते. तेव्हा व्यवस्थापकाच्या संगनमताने वहीत पारशी नाव लिहून, दिवसाला दीड रुपया या दराने त्यांनी तेथे मुक्काम केला. वरच्या मजल्यावरचा मोडक्या सामानाने भरलेला अंधारा दिवाणखाना, सोबतीला एक कंदील, आणि बोलायला कोणी नाही. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा अधिकारी त्या दिवशी मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास एका सार्वजनिक बागेत बसून काढत होता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आत्मकथनात त्यांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. या प्रसंगाबद्दल बोलताना आपण जातीविषयी बोलतो, ते योग्यच आहे. पण तो प्रसंग वहीविषयीही आहे. पैसे होते, खोली रिकामी होती, चालवणाऱ्याला गिऱ्हाईक हवे होते. आडवे आले ते नाव.

याच काळातला दुसरा मुक्काम पाहा. लोकमान्य टिळक मुंबईत येत तेव्हा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले तेही तेथेच. सरदारगृह ही तेव्हाच्या मुंबईतील एक भाड्याने खोल्या देणारी जागा. आज तिचे नाव आपण आदराने घेतो, आणि एका राष्ट्रपुरुषाचा अखेरचा श्वास लॉजिंगच्या खोलीत गेला याचे आपल्याला मुळीच वैषम्य वाटत नाही. तीन वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन मुक्कामांत मला लॉज या संस्थेची दोन टोके दिसतात. एकीकडे परक्या शहरातले हक्काचे बिऱ्हाड, जेथून राजकारण चालते, जेथे माणसे भेटायला येतात. दुसरीकडे उसन्या नावाखाली घेतलेला अकरा दिवसांचा श्वास. खोली या दोन्ही ठिकाणी भाड्याचीच. फरक होता तो वहीत खरे नाव लिहिता येण्याचा.

बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला. त्याच्या शीर्षककथेतही परगावी नोकरीला गेलेला तरुण डोके टेकायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो आणि अखेर ती उघड झाल्यावर मार खातो. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता, राज्यघटना आली होती. आणि त्या घटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये एक कलम असे आहे जे वाचताना बडोद्याची आठवण आल्यावाचून राहत नाही. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे ते कलम सांगते. पुढे १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात धर्मशाळा, सराया आणि मुसाफिरखाने यांचा स्पष्ट उल्लेख झाला. घटनेच्या मूलभूत हक्कांत हॉटेलचा उल्लेख असावा, हे आजच्या वाचकाला क्षुल्लक वाटेल. ज्यांना हॉटेलच्या पायरीवरून परत फिरावे लागले त्यांना ते क्षुल्लक वाटले नव्हते.

मग आज अडचण कोठे आहे? अडचण अशी की घटनेने मोजलेल्या पाच कारणांत 'अविवाहित' हा शब्द नाही आणि 'स्थानिक' हाही नाही. आणि आजच्या लॉजची वही नेमकी या दोन शब्दांपाशी अडखळते. 'लोकल आयडी चालणार नाही' ही सूचना मुंबई-पुण्यातल्या स्वस्त हॉटेलांत सर्रास आढळते. तर्क असा की ज्याचे घर याच शहरात आहे त्याला खोली कशाला लागते? ज्याने हा तर्क केला त्याने मुंबईतली घरे बहुधा पाहिलेली नसावीत. एका खोलीत सात माणसे राहणाऱ्या घरातल्या नवविवाहितांना, घरातून बाहेर काढलेल्या सुनेला, भांडून निघालेल्या मुलाला, अभ्यासाला शांतता हवी असलेल्या विद्यार्थ्याला, शेवटची लोकल चुकलेल्या कामगाराला खोली लागते. आणि प्रेम करणाऱ्यांनाही लागते. हे वाक्य लिहिताना कोणी लाजण्याचे कारण नाही.

२०१५ च्या जुलैमध्ये नीरज घायवान यांचा 'मसान' हा चित्रपट प्रदर्शित झाला. वाराणसीतल्या एका हॉटेलच्या खोलीत तरुण-तरुणी आहेत, पोलीस आत घुसतात, आणि त्यानंतर जे घडते त्यात दोन कुटुंबे उद्ध्वस्त होतात, अशी त्याची सुरुवात आहे. या गोष्टीला दोन आठवडेही झाले नव्हते तोच, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुंबई पोलिसांनी मढ बेट आणि अक्सा परिसरातल्या हॉटेलांवर छापे घालून चाळीसच्या आसपास जोडप्यांना ताब्यात घेतले. काहींवर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याचे कलम लावले गेले. बंद दाराआडची भाड्याची खोली 'सार्वजनिक ठिकाण' कशी होते, हा प्रश्न तेव्हा बराच गाजला; वरिष्ठांना चौकशी करावी लागली. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अविवाहित जोडप्याने हॉटेलच्या खोलीत राहण्यास मनाई करणारा कोणताही कायदा नाही. त्याआधी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होताच. तरीही जानेवारी २०२५ मध्ये ओयो या कंपनीने मेरठ शहरापुरता का होईना, जोडप्यांकडून नात्याचा पुरावा मागण्याचा नियम आणला. न्यायालयाने उघडलेले दार गल्ल्यावर पुन्हा लोटले गेले ते असे.

येथे समोरच्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. लॉजमध्ये गुन्हे घडतात. अल्पवयीन मुलींना फसवून आणले जाते, देहविक्रयाच्या साखळ्या अशा जागांच्या आधाराने चालतात, घातपाताच्या तयारीसाठी आलेली माणसे खोट्या नावांनी उतरतात. २००८ नंतरच्या मुंबईत पोलिसांनी वही पाहू नये असे कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही. ही काळजी नवीही नाही. १८६७ चा सराय कायदा, जो मुळात उत्तरेकडील प्रांतांसाठी झाला, तो सराय चालवणाऱ्यांची नोंद सरकारदरबारी ठेवायला सांगतो. कोणी साथीच्या रोगाने आजारी पडला तर पोलीस ठाण्यात कळवायला सांगतो, पुरेसे पहारेकरी नेमायला सांगतो.

पण त्या जुन्या, परकीय सत्तेच्या कायद्यातही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तो मालकाला आणखीही काही सांगतो: खोल्या, व्हरांडे आणि अंगण स्वच्छ ठेवा, भिंती आणि दारे दुरुस्त ठेवा, दरपत्रक सर्वांना दिसेल असे लावा. म्हणजे देखरेख होती ती मुसाफिराची सोय व्हावी म्हणूनही. आज मात्र आपण लॉजकडे पाहतो ते केवळ संशयाने. जिना अरुंद आहे, आगीच्या वेळी बाहेर पडायला दुसरी वाट नाही, तारा लोंबत आहेत, संडास दहा खोल्यांमागे एक आहे, या गोष्टी कोणाला फारशा खटकत नाहीत. आत कोण कोणाबरोबर आहे हे मात्र सर्वांना खटकते. ओळख पटवणे आणि चारित्र्य तपासणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. दुसरीने आजवर कोणता घातपात टळला, हे मला ठाऊक नाही. लाच घेण्याची संधी तिने अनेकांना दिली हे सर्वांनाच ठाऊक आहे. शिवाय, सज्ञान जोडप्याला खरे नाव लिहिण्याची भीती वाटू लागली की वही खोट्या नावांनी भरते, आणि ज्या सुरक्षिततेसाठी वही ठेवली तिचाच पाया खचतो. बडोद्याच्या वहीतही खोटे नाव होते. ते लिहायला भाग पाडले होते ते व्यवस्थेने.

आता रुग्णांकडे वळू. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. देशभरातून कर्करोगाचे रुग्ण तेथे येतात, आणि उपचार आठवड्यांचे असतात, दिवसांचे नसतात. दिवसाला हजार रुपये या दरानेही दोन महिन्यांच्या खोलीचे साठ हजार होतात; औषधांच्या खर्चाशिवाय हे कोठून आणायचे? दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था जे काम करतात त्याला तोड नाही. पण मागणीच्या मानाने या जागा थोड्या, म्हणून कित्येक कुटुंबे पावसाळ्यातही रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर प्लास्टिक अंथरून राहताना दिसत आली आहेत. २०२१ मध्ये म्हाडाच्या शंभर सदनिका रुग्णांच्या नातेवाइकांसाठी रुग्णालयाला देण्याचे ठरले, किल्ल्याही सुपूर्द झाल्या. तेव्हा त्या इमारतींतल्या रहिवाशांनी हरकत घेतली, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि दुसरीकडे पर्यायी जागा द्यावी लागली. त्या रहिवाशांना दुष्ट ठरवण्याचा माझा हेतू नाही. रोज नवा माणूस जिन्यात दिसावा हे कोणत्याही सोसायटीला रुचत नाही. पण म्हणूनच लॉज हवा. परक्याला घरात घेण्याचे औदार्य प्रत्येकाकडे असेलच असे नाही. परक्यासाठी रास्त दराच्या जागा शहरात असाव्यात एवढी व्यवस्था मात्र औदार्याशिवायही करता येते.

आणि या जागा कमी होत चालल्या आहेत. जुन्या इमारतींचा पुनर्विकास झाला की लॉज परत येत नाही. नव्या भाड्याला त्याचा धंदा पुरत नाही. करांची गोष्ट पाहा. दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला वस्तू व सेवा करातून सूट होती. १८ जुलै २०२२ पासून ती काढून १२ टक्के कर लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या सर्व खोल्यांना ५ टक्के हा एकच दर आला. दर कमी झाला हे चांगलेच. परंतु आठशे रुपयांची खोली आणि सात हजारांची खोली आता एकाच मापाने मोजली जाते. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असलेला अगदी छोटा लॉजवाला नोंदणीतून सुटतो. मध्यम आकाराचा सुटत नाही.

यावर उपाय म्हणून नव्या कल्पना पुढे येतात. जपानच्या ओसाकात १९७९ मध्ये वास्तुविशारद किशो कुरोकावा यांनी आरेखित केलेले पहिले कॅप्सूल हॉटेल सुरू झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर तशाच धर्तीचे ४८ पॉडचे हॉटेल आले. स्वच्छ, वातानुकूलित, एका माणसापुरते. एकट्या प्रवाशाची ती उत्तम सोय आहे, आणि तिची टवाळी करण्याचे कारण नाही. पण पॉडमध्ये रुग्ण आणि त्याची आई एकत्र राहू शकत नाहीत, तीन भावंडे डबा उघडून जेवू शकत नाहीत, दोन माणसे दार लावून रडू शकत नाहीत. झोपायला जागा मिळणे आणि खोली मिळणे यांत फरक आहे, आणि तो फरक दाराचा आहे.

तेव्हा मागणे फार मोठे नाही. सज्ञान माणसाने खरे ओळखपत्र दाखवले की नाते, गाव आणि कारण यांवरून खोली नाकारता येणार नाही, असा नियम राज्याने लेखी करावा आणि तो गल्ल्यावर, दरपत्रकाशेजारी लावायला सांगावे. पाहणी करायची ती जिन्याची, तारांची आणि संडासांची करावी. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या आणि न्यायालयांच्या परिसरात स्वस्त खोल्यांसाठी जागा राखून ठेवाव्यात, जशा आपण बागांसाठी ठेवतो. यांतले काहीही क्रांतिकारक नाही. अनुच्छेद १५ लिहिणाऱ्यांना हॉटेलचे दार महत्त्वाचे वाटले होते. त्यांच्या मानाने आपण थोडेसेच पुढे जायचे आहे.

राहता राहिला मराठी लेखक-वाचकांचा प्रश्न. चाळीवर आपण प्रेम केले कारण तेथे सगळे एकमेकांना ओळखत होते. लॉजमध्ये कोणी कोणाला ओळखत नाही, म्हणून तो आपल्याला उजाड वाटतो. पण अनोळखी राहण्याची मुभा ही शहराने माणसाला दिलेली मोठी देणगी आहे. गावात ती कोणालाच नव्हती, आणि काहींना तर आपली ओळख हीच शिक्षा होती. त्यांच्यासाठी प्लायवूडच्या भिंतींची, दमट चादरीची, खोकल्यांनी भरलेली ती खोली म्हणजे कोणी काही न विचारण्याची एक रात्र असते. ती रात्र स्वस्त असावी आणि वहीत लिहिलेले नाव खरे असावे, एवढे जरी मुंबईला साधले तरी पुष्कळ झाले.